रस्त्याच्या कडेला उभं राहणाऱ्यांबद्दल

सातारा

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून जीव भांड्यात पडला. त्यांना एवढ्यात जिने चढू देऊ नकोस.

आता तुझ्या त्या वाक्याबद्दल. 'व्हँडरलेई डी लिमाला कुणी ढकललं नसतं तरी सुवर्ण बाल्डिनीनेच नेलं असतं, मग आपण इतकी वर्षं हळहळतो कशाला?' असं तू लिहिलंस. मला ते पटलं नाही, आणि का ते सविस्तर सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तुझा हिशेब मला ठाऊक आहे. २९ ऑगस्ट २००४, अथेन्स ऑलिंपिकची पुरुषांची मॅरेथॉन. साधारण ३५ किलोमीटरला ब्राझीलचा डी लिमा अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर पुढे होता आणि मागून इटलीचा बाल्डिनी अंतर तोडत होता, तेवढ्यात कडेच्या एका माणसाने डी लिमाला धरून गर्दीत ढकललं. शेवटी बाल्डिनी २:१०:५५, अमेरिकेचा केफलेझिगी २:११:२९ आणि डी लिमा २:१२:११. झटापटीत गेले असतील वीसेक सेकंद, सुवर्ण राहिलं ७६ सेकंदांनी. कागदावर तुझं बरोबर दिसतं.

पण तू स्वतः पळतोस. पस्तिसाव्या किलोमीटरला अंगात काय उरलेलं असतं ते तुला माहीत आहे. पाय, श्वास, डोकं सगळं एका लयीला बांधलेलं असतं, आणि ती लय सुटली की नुसतं थांबल्याने पोटऱ्यांत गोळे येतात. हा गडी विसाव्या किलोमीटरनंतर घोळक्यातून निघून एकटा पुढे पळत होता. मॅरेथॉन गावापासून अथेन्सकडे येणारा तो रस्ता तिसाव्याच्या पुढेपर्यंत चढाचा आहे, मग शहराकडे उतार लागतो. आपल्या यवतेश्वर घाटाचंही तसंच ना? चढावर कष्ट करायचे आणि उतारावर पाय मोकळे सोडायचे. त्याला धरलं गेलं ते नेमकं कष्ट संपून फळ हाती यायच्या वेळी. एक अनोळखी माणूस अंगावर येतो, गर्दीत रेटत नेतो, त्याच्या हातात काय आहे तेही कळत नाही. ती भीती अंगात घेऊन पुढचे सात किलोमीटर पळायचे. हे सेकंदांत कसं मोजणार?

आणि एक आकडा तू धरलाच नाहीस. चौथा आलेला ब्रिटनचा जॉन ब्राउन २:१२:२६ ला पोहोचला. म्हणजे डी लिमाचं ब्राँझसुद्धा फक्त १५ सेकंदांवर टिकलं. अजून थोडा वेळ तो त्या गर्दीत अडकला असता, तर हात हलवत परतला असता.

म्हणून मला पॉलिव्हिओस कोसिव्हास या ग्रीक माणसाचं नाव कायम आठवतं. तोही बघायलाच उभा होता. तो धावून गेला, त्या हल्लेखोराला ओढून बाजूला केलं आणि डी लिमाला पुन्हा रस्त्यावर आणलं. ढकलणारा कॉर्नेलियस होरान आदल्याच वर्षी इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला चालू मोटार शर्यतीत गाड्यांसमोर गेला होता आणि त्यासाठी तुरुंगातही जाऊन आला होता. अशा माणसाला ऑलिंपिकच्या रस्त्यापर्यंत पोहोचता आलं, याचा मला आजही राग येतो. ब्राझीलने दुसरं सुवर्ण मागितलं, ते मिळालं नाही.

डी लिमा मात्र स्टेडियममध्ये दोन्ही हात विमानासारखे पसरून, हसत आला. त्याच्याच देशाच्या इमॅन्युएलने आपलं बीच व्हॉलीबॉलचं सुवर्ण त्याला देऊ केलं, ते त्याने घेतलं नाही. खिलाडूपणासाठी त्याला पिएर द कुबर्तँ पदक मिळालं, आणि २०१६ ला रिओत ऑलिंपिकची ज्योत पेटवली ती त्यानेच. त्याच रिओत आपल्या माणमधल्या मोहीची ललिता बाबर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पळाली, दहावी आली. तिला पाहताना तू फोनवर किती ओरडत होतास!

आपल्याकडे असा माथेफिरू येईल असं मी म्हणत नाही. आपल्याकडे अडथळा होतो तो मायेपोटी. ढोल-ताशा, लेझीम सगळं हवंच, त्यानेच चढ चढून होतो. पण घाटाच्या वळणावर कुणी सेल्फीसाठी आडवं येतं, कुणी खांद्यावर थाप मारतं, कुणी मोटारसायकल घुसवतं. उतारावर वेगात असलेल्या माणसाला एवढंही पुरतं. कडेला उभा राहणारा शर्यतीचा भाग असतो हे मी मनापासून मानतो, आणि म्हणूनच त्याच्यावर जबाबदारीही असते.

यंदाच्या आपल्या सातारा हिल मॅरेथॉनला मी पळणार नाही, स्वयंसेवक म्हणून नाव दिलंय. उतारावरच्या वळणावर जागा मागितली आहे. तूही ये. गर्दीला गोडीत मागे सारायला तुझा आवाज फार उपयोगी पडेल. आदल्या रात्रीच ये, पहाटे पोवई नाक्यापासून पुढे वाहनं सोडत नाहीत. येताना शिट्टी आण आणि काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
प्रकाश