थेरपीचा खर्च कोणत्या लेखाशीर्षात?

महोदय,

महापालिका आणि इतर स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून ठेवावी, असा राज्य शासनाचा आदेश आहे. ही रक्कम राखली जाते की नाही, यावर अधूनमधून चर्चा होते. ती नेमकी कशावर खर्च व्हावी, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

तीनचाकी सायकल, कॅलिपर, श्रवणयंत्र ही साधने एकदा दिली की काही वर्षे उपयोगी पडतात आणि ती दिलीच पाहिजेत. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला देता येईल अशी वस्तू नसते. तिथे लागतो तो माणूस: स्पीच थेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, विशेष शिक्षक, आणि तोही आठवड्यातून तीन-चारदा, वर्षानुवर्षे. माझी पत्नी मुलाला घेऊन धायरीहून कोथरूडला जाते आणि पाऊण तासाच्या एका सत्राला आम्ही ७०० रुपये मोजतो. पाण्याचे चित्र असलेले कार्ड आईच्या हातात ठेवले की पाणी मिळते, एवढे उमगायला त्याला पाच महिने लागले. त्यापूर्वी तहान लागली की तो फरशीवर डोके आपटत असे. हे पाच महिने कोणत्या लेखाशीर्षात बसवायचे?

१९९५च्या कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नता नव्हती. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने तिला २१ प्रकारांत स्थान दिले. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचे विमाकवच आहे, पण त्यासाठी आधी दिव्यांग प्रमाणपत्र हवे. आमच्या मुलाचे निदान अडीचव्या वर्षी झाले आणि प्रमाणपत्र हाती आले तेव्हा त्याला पाचवे लागले होते. तपासणीच्या दिवशी एका शासकीय रुग्णालयात, ध्वनिक्षेपकावरून नावे पुकारली जात असताना, तो कानांवर हात दाबून तीन तास बाकाखाली बसला होता आणि खिडकीवरचे गृहस्थ विचारत होते, ‘‘ऐकू येतं ना, मग प्रॉब्लेम काय आहे?’’ मेंदूची घडण होण्याची जी वर्षे थेरपीसाठी सर्वांत मोलाची, ती अशी रांगेत जातात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३पासून जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे लहान मुलांतील अशा अडचणी लवकर ओळखून उपचार सुरू करणाऱ्या केंद्राची, तरतूद आहे. कल्पना उत्तमच आहे. परंतु २०११च्या जनगणनेतच ९४ लाखांवर गेलेल्या पुणे जिल्ह्यात जुन्नर किंवा भोरहून आठवड्यातून तीनदा शहरात येणे कोणाला परवडेल? रोजंदारीवर जाणाऱ्या आईला तर नाहीच.

म्हणून या ५ टक्क्यांतील ठरावीक हिस्सा थेरपिस्टच्या मानधनासाठी राखावा, महापालिकेच्या दवाखान्यांत आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांत त्यांचे वार ठरवून द्यावेत आणि प्रमाणपत्राची वाट न पाहता, बालरोगतज्ज्ञाच्या लेखी निदानावर सत्रे सुरू करावीत. स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग राज्याने २०२२ मध्येच स्थापन केला असून दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे. सुरुवात याच शहरापासून करता येईल.

— एक पालक, धायरी, पुणे