उपवासाआड दडलेला आजार

ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ आला की आमच्यासारख्या ठाण्यातल्या ख्रिस्ती घरांत उपवासाचं कौतुक सुरू होतं. माझी पुतणी त्याच सबबीवर जेवण टाळायची. वर 'किती छान बारीक झालीस गं!' ही पावती. निघाला ॲनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणंच टाळण्याचा मानसिक आजार. आता डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि प्रार्थना यांच्या आधाराने ती सावरते आहे. कॅथलिक नियमानुसार उपवास बंधनकारक आहे तो १८ ते ५९ वयोगटाला, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी. तेव्हाही एकदा पूर्ण जेवता येतं आणि आजाऱ्यांना तर सूटच आहे. हे प्रवचनात कितीदा ऐकू येतं? धर्मगुरूंनी ते स्पष्ट सांगावं. 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांकही चर्चच्या फलकावर लावावा. लग्नाच्या सूचनांशेजारी तेवढी जागा नक्की निघेल.

— एक वाचक, ठाणे (पश्चिम)