वरचे पाच पुडे

प्रिय आई-बाबा,

सा. नमस्कार.

पत्र पाहून बाबा म्हणतील, हातात फोन असताना हा टपालाचा उद्योग कशाला? पण दिवाळीच्या रात्री जे बोलणं अर्धवट राहिलं, ते फोनवर पुरं व्हायचं नाही. तुम्ही दोघं स्पीकर लावता, आई मध्येच ‘जेवलीस का’ विचारते आणि माझा धागा तिथेच तुटतो.

टीव्हीवर गडचिरोलीची बातमी पुन्हा पुन्हा दाखवत होते. नक्षलवाद्यांचा मोठा नेता भूपती, त्याने साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवली ती. बाबा, चकली मोडता मोडता तुम्ही म्हणालात, “संपलं एकदाचं. चीनची पुस्तकं वाचून बिघडलेली पोरं ती.” मी म्हटलं, पुस्तकं वाचून तिथली माडिया आदिवासी बाई कशी बिघडेल, तिला वाचताच येत नव्हतं. “मग कशानं?” तुम्ही विचारलंत, आणि मी ताट घेऊन आत गेले. उत्तर तुमच्याच एका गोष्टीत होतं. काका-काकूंसमोर ते काढायला जीभ रेटेना.

ती मुन्शीची गोष्ट. मॅट्रिक झाल्यावर, मास्तरकी लागायच्या आधी, तुम्ही एका ठेकेदाराकडे तेंदूपत्त्याचे तीन हंगाम केलेत, १९७७ ते ७९. अहेरीच्या पलीकडे. तेव्हा गडचिरोली जिल्हासुद्धा नव्हता, तो चंद्रपुरातून निघाला १९८२ साली. एप्रिल-मे महिन्यात बाया पहाटे अंधारात जंगलात शिरायच्या, दुपारपर्यंत घरी येऊन सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायच्या आणि उन्हं कलली की फळीवर, म्हणजे पानं मोजून घ्यायच्या जागी, रांगा मांडून उभ्या राहायच्या. तुम्ही हातात छडी घेऊन रांगेवरून चालायचात. शंभर पुडे झाले की वरचे पाच ठेकेदाराचे. पानं ओली निघतील, फाटकी निघतील, म्हणून आधीच कापून घेतलेले. त्याचा पैसा नाही. एका म्हातारीला विसाच्या पुढे मोजता यायचं नाही, ती बोटांनी कशी चाचपायची, याची तुम्ही नक्कल करायचात आणि आम्ही भावंडं पोट धरून हसायचो. मीही हसलेय, बाबा. आजही ती नक्कल डोळ्यांपुढे येते.

गेल्या आठवड्यात एटापल्ली तालुक्यातल्या एका गावी ग्रामसभेच्या कामाला गेले होते. गावाचं नाव लिहीत नाही. धान कापून पुंजणे रचून झाले होते, माणसं जरा मोकळी होती. साठी ओलांडलेले एक आजोबा शेकोटीपाशी बसले होते. मी विचारलं, जंगलवाले, म्हणजे नक्षलवादी, पहिल्यांदा आले तेव्हा काय म्हणाले? मला वाटलं होतं, जमीन, क्रांती, सरकार असलं काहीतरी सांगतील. ते म्हणाले, “पुड्याला किती देतो, असं विचारलं.” बोलणं तेलुगूत होतं, सिरोंच्याकडचा एक पोरगा गोंडीत सांगत होता. पुढच्या हंगामात भाव वाढला. जंगलात नांगर दिसला की धान्य मागणारा आणि येता-जाता कोंबडा उचलणारा खाकीवाला जंगल गार्ड कोंबडे मागेनासा झाला. आणि मुन्शी, त्यांच्याच शब्दांत सांगते, “बाईला बाई म्हणू लागला.” हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते माओच्या कुठल्या पुस्तकात मला सापडलेलं नाही.

तुमचं अगदीच चूक नाही, पुस्तकं होतीच. मे १९६७ मध्ये दार्जिलिंग जिल्ह्यातल्या नक्षलबारीत कुळांनी आणि चहामळ्यांतल्या मजुरांनी जमीनदारांची जमीन आणि धान्य ताब्यात घ्यायला सुरुवात केली. एक पोलीस अधिकारी बाणांनी मारला गेला आणि दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या गोळीबारात बायकापोरं पडली. त्या गावाचं नाव सगळ्या देशभर चिकटलं. त्यातून १९६९ मध्ये चारू मजुमदारांचा पक्ष निघाला. कोलकात्यातली कॉलेजची पोरं भिंती रंगवत फिरली आणि पोलिसांनी दोन-तीन वर्षांत ते मोडून काढलं. गडचिरोलीचं मूळ मात्र मला बंगालपेक्षा नदीपलीकडे, तेलंगणात जास्त दिसतं.

तिथे निजामाच्या राज्यात देशमुख-दोरांची, म्हणजे बड्या जमीनदारांची, वेठ चालायची. धोब्यानं फुकट धुवायचं, न्हाव्यानं फुकट पाय दाबायचे, कुळानं स्वतःचं शेत पडीक ठेवून आधी मालकाचं नांगरायचं. १९४६ च्या जुलैत दोड्डी कोमरय्या नावाचा तरुण जमीनदाराच्या माणसांच्या गोळीनं पडला आणि कम्युनिस्टांच्या ‘संघम’ने हत्यार उचललं. ते १९५१ पर्यंत चाललं. बाबा, तुम्ही ज्यांचं नाव काढताना हात जोडता ते विनोबा पवनारहून चालत त्याच मुलखात गेले होते. एप्रिल १९५१ मध्ये पोचमपल्लीच्या दलितांनी ऐंशी एकर जमीन मागितली, एका जमीनदारानं शंभर दिली आणि भूदान सुरू झालं. एकाच आगीतून दोन वाटा निघाल्या, म्हणा. दुसरीचं पुढे काय झालं ते तुम्ही सर्वोदयाच्या शिबिरांत पाहिलंच आहे. बरीच जमीन नुसती कागदावर राहिली, निम्मी मुरमाड निघाली, असं तुम्हीच सांगायचात.

आणीबाणी उठल्यावर तेलंगणात पुन्हा पेटलं. १९७८ च्या सप्टेंबरात जगतियालला शेतमजुरांचा प्रचंड मोर्चा निघाला, गावांनी जमीनदारांवरच बहिष्कार टाकला. पुढच्या महिन्यात सरकारनं तो भाग अशांत जाहीर केला. पोलिसांचा तडाखा बसल्यावर तिथले नक्षलवादी नेते कोंडापल्ली सीतारामय्या यांना कळलं की सपाटीच्या शेतात लपायला जागा नाही. २२ एप्रिल १९८० ला पीपल्स वॉर पक्ष झाला आणि पाच-सात जणांची दलमं, म्हणजे हत्यारी तुकड्या, गोदावरी-प्राणहिता ओलांडून पाठवली गेली. हे नीट लक्षात घ्या, बाबा. माडियांच्या दुःखाची हाक ऐकून ती आली नव्हती. त्यांना लपायला जंगल हवं होतं. पेद्दी शंकर नावाचा पोरगा त्याच नोव्हेंबरात सिरोंचा तालुक्यात पोलिसांच्या गोळीनं मेला. तो पाहुणाच होता. पण जे मागून आले, त्यांना इथे फळी दिसली. कागद गिरणीसाठी दिवसभर बांबू तोडून चिल्लर घेऊन परतणारी माणसं दिसली. त्यांना मग पुस्तकाची गरजच उरली नाही.

फळीही त्यामानानं अलीकडची. त्याच्या खाली जुना थर आहे. १८७८ च्या कायद्यानं इंग्रजांनी जंगल राखीव करायला घेतलं. आपल्याकडे जमीनदारांची जंगलं तरी होती, तिथं निस्तार चालायचा: जळतण, बांबू, मोह, चारा. १९५१ मध्ये जमीनदारी गेली आणि ते जंगल सरकारचं झालं. गेली ती चांगलीच, पण ज्याच्या अंगणात झाड, तो चोर ठरला. १९६९ मध्ये तेंदूपत्त्याचा व्यापार कायद्यानं सरकारनं हातात घेतला आणि लिलावानं ठेकेदाराला दिला. १९८० चा वनसंवर्धन कायदा वर आलाच. जिल्ह्याचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग जंगल असताना तिथल्या माणसाला पायाखालच्या जमिनीचा कागद नाही. त्या जिल्ह्यात सरकार म्हणजे कोण? पुस्तक घेऊन येणारा मास्तर नाही, डॉक्टर नाही. काठी घेऊन येणारा गार्ड आणि छडी घेऊन येणारा मुन्शी. मुन्शी तर सरकारचाही नव्हता, पण तिथल्या बाईला हा फरक कसा कळावा?

आता आई, तुझ्याकडे वळते. बाबा मोजायचे ते पान पोत्यांतून आपल्या भंडाऱ्याकडे यायचं आणि तू ओसरीत सूप मांडीवर घेऊन त्याच पानाच्या विड्या वळायचीस. तुझ्या अंगठ्याच्या नखाजवळचा तो कडक चट्टा अजून तसाच आहे. पत्र्याचा साचा ठेवून पान कापायचं, तंबाखू भरायचा, दोरा गुंडाळायचा, आणि हजार पुऱ्या केल्या की कारखान्यावर ‘छाट’ म्हणून मूठभर विड्या बाजूला काढल्या जायच्या. त्याचे पैसे नाहीत आणि विड्याही परत नाहीत. म्हणजे बाबा तिकडे वरचे पाच कापत होते आणि इकडे तुझी छाट निघत होती. (तुमचं लग्न जमवताना हे कुणाच्या ध्यानात आलं होतं का गं?)

मग तू बंदूक का उचलली नाहीस? हसू नकोस, मी खरंच विचारतेय. गरिबीनं नक्षलवाद होतो असं जो तो सांगतो. तसं असतं तर आपल्या अर्ध्या जिल्ह्यात दलम फिरलं असतं. आजोबा सांगायचे, विडी कामगारांची लाल बावट्याची युनियन होती, चार आणे वर्गणी. १९६६ मध्ये विडी कामगारांसाठी कायदा झाला होता. छाट जास्त काढली की चार बाया मिळून कारखान्यावर बोंबलत जायच्या, मुनीम दार लावून घ्यायचा, पण दुसऱ्या दिवशी दोन-चार विड्या कमी काढायचा. तहसील एस.टी.च्या अंतरावर होती. मत मागायला माणूस दारात यायचा. तुझं गाऱ्हाणं पुरतं कुणी मिटवलं नाही, पण ते घेऊन जायला कुठलं तरी दार होतं. एटापल्लीच्या त्या आजोबांना मी विचारलं, तुम्ही तक्रार का नाही केली? ते गोंधळले. शेजारच्या पोरीला दोनदा गोंडीत समजावून सांगावं लागलं की ‘तक्रार’ म्हणजे काय. मग ते म्हणाले, कुणाकडे?

तोच लाल बावटा तुझ्याकडे पावतीपुस्तक घेऊन आला आणि त्यांच्याकडे बंदूक. जंगल दाट, तीन राज्यांची हद्द, पाठलाग झाला की नदी ओलांडली की झालं, हेही आहेच. पण त्या ‘कुणाकडे’पाशी मी अजून अडकून आहे.

बाबा, मी त्यांची वकिली करतेय असं समजू नका. शेकोटीपाशी गोष्ट पुढे गेली, तसे आजोबा आवाज खाली आणून बोलू लागले. पुड्याचा भाव वाढवून देणाऱ्यांनी पुढे ठेकेदाराकडूनच वसुली सुरू केली. ठेकेदार दोघांनाही पोसू लागला आणि पुन्हा धंद्याला लागला. खबऱ्या म्हणून गावातलीच माणसं रात्री उठवून नेली. त्यांच्या चुलतभावाला असंच नेलं, सकाळी वाटेवर सापडला, छातीवर चिठ्ठी. दुसऱ्या भावानं नक्षलवाद्यांना जेवण दिलं, या संशयावरून पोलिसांनी त्याला टाडा कायद्याखाली धरलं. पुढे नक्षलवाद्यांशी लढायला पोलिसांचं सी-साठ पथक झालं, त्यातही इथलीच पोरं. २००९ च्या ऑक्टोबरात लाहेरीजवळ सतरा पोलीस मेले, २०१८ च्या एप्रिलात इंद्रावतीच्या काठी कसनासूरला आणि पाठोपाठच्या दुसऱ्या चकमकीत मिळून चाळीस नक्षलवादी मारले गेले. दोन्हीकडच्या यादीत आडनावं तीच, मडावी, आत्राम. आणि रस्ता, शाळा, टॉवर, जे जे यायचं ते नक्षलवाद्यांनी उडवलं किंवा त्यांचं कारण सांगून सरकारनं आणलं नाही.

मधल्या काळात धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाच्या लोकांनी वेगळीच वाट काढली, ते तुम्हाला आवडेल. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणत वर्षानुवर्षं बैठका घेत राहिले. वनहक्काचा कायदा २००६ मध्ये झाला आणि २००९ मध्ये त्यांना सुमारे अठराशे हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकायचा परवाना हातात आला. आता कितीतरी ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात. मी त्यांचीच रजिस्टरं तपासत फिरते. ठेकेदार तिथेही चलाख आहेत, करार इंग्रजीत आणतात. पण पुडे मोजायला आता गावचीच बारावी झालेली पोरगी बसते, आणि ती वरचे काढत नाही. मागच्या मे महिन्यात एकीनं तर ठेकेदाराच्या माणसाला रांग पुन्हा मोजायला लावली, भर उन्हात.

सुरजागडच्या डोंगरावर आता लोखंडाच्या खाणीचे ट्रक चालतात. रात्री गावात झोपलं तरी आवाज येतो. आजोबांना विचारलं, बंदुका गेल्या, आता कसं? त्यांनी ट्रकच्या आवाजाच्या दिशेनं नुसती मान हलवली.

आई, उडदाचे पापड पुरेत, आणखी पाठवू नकोस, इथे उंदीर फार आहेत. बाबांची बीपीची गोळी रात्रीची नाही, सकाळची आहे, मी डब्यावर लिहून ठेवलंय.

आणि बाबा, एक विचारायचं राहिलं. निघताना त्या आजोबांनी काटकीनं मातीत रेघा ओढून दाखवल्या होत्या. तुमच्या त्या हंगामांमध्ये ते बारा-चौदा वर्षांचे, आईबरोबर फळीवर यायचे. त्यांच्याकडचा मुन्शी तुम्हीच होतात असं नाही, तिकडे फळ्या पुष्कळ होत्या. मी तुमचं नाव सांगितलं नाही. पण त्यांनी शंभरावर रेघा ओढल्या त्या पाच नव्हत्या, सात होत्या. मी दोनदा मोजल्या. तुम्ही आम्हाला नेहमी पाच सांगायचात.

पाच होते की सात? फोनवर नको, लिहूनच कळवा.

तुमची,
मोठी