आधी नमुना, मग गोळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपुरात धंतोलीतल्या एका खासगी लॅबमध्ये मी 22 वर्षे कल्चरच्या, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याच्या, टेबलावर काम करते. हे पत्र मात्र घरच्या अनुभवावरून लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या बाबांना लघवीला जळजळ सुरू झाली आणि थंडी वाजून ताप आला. मी ड्युटीवर होते. घरच्यांनी औषधाच्या दुकानातून, चिठ्ठी नसताना, सेफिक्झिम या अँटिबायोटिकच्या गोळ्या आणल्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला तशा बाबांनी गोळ्या सोडल्या. पाचव्या दिवशी पुन्हा हुडहुडी. मग उरलेल्या दोन गोळ्या घेतल्या आणि त्यानंतर लघवीचा नमुना माझ्याकडे पाठवला. जंतू वाढवायची प्लेट कोरी राहिली. ‘नो ग्रोथ’ वाचून घरात सगळे म्हणाले, “रिपोर्ट नॉर्मल आला!” तो नॉर्मल नव्हता. पोटात गोळी असताना दिलेल्या नमुन्यात जंतू दबलेले असू शकतात, मग ते प्लेटवर वाढत नाहीत.

आठवड्याने बाबांना भरती करावे लागले. या वेळी इंजेक्शनच्या आधी नमुना घेतला. सकाळी प्लेट उघडली तर ई. कोलाय या जंतूच्या गुलाबी वसाहतींनी भरलेली. जंतू पसरून त्यावर औषध भिनवलेल्या कागदी चकत्या ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी तपासल्या; औषध चालत असेल तर चकतीभोवती जंतू नसलेले कडे दिसते. बहुतेक चकत्यांना जंतू अगदी खेटून वाढले होते. सेफिक्झिमच्याच गटातल्या सेफ्टाझिडीमभोवती छोटेसे कडे होते, पण त्याच औषधात जंतूचे विकर रोखणारे क्लॅव्युलॅनिक ॲसिड असलेल्या चकतीभोवतीचे कडे 5 मिलीमीटरहून जास्त मोठे. याचा अर्थ ईएसबीएल: सेफिक्झिमसारखी औषधे फोडून टाकणारे विकर हा जंतू स्वतःच तयार करतो. मोजपट्टी धरलेला माझा हात थरथरत होता. शेवटी मेरोपेनेमच्या इंजेक्शनांनी बाबा बरे झाले.

नमुना प्लेटवर लावायचा, रात्रभर उबवायचा, दुसऱ्या दिवशी जंतू पसरून चकत्या ठेवायच्या, पुन्हा एक रात्र. रिपोर्टला दोन दिवस लागतातच. रुग्ण गंभीर असेल तर डॉक्टरांनी तोवर थांबावे, असे मी मुळीच म्हणत नाही. औषध लगेच सुरू करा, पण त्याआधीची पाच मिनिटे नमुन्यासाठी द्या. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीहून रुग्ण इथे पोहोचतो तेव्हा त्याच्या पिशवीत तीन-चार अँटिबायोटिकची अर्धवट पाकिटे असतात आणि कल्चर एकदाही झालेले नसते. हे मी रोज पाहते.

सेफिक्झिम 2014 पासून औषध नियमांच्या एच-1 परिशिष्टात, म्हणजे कडक नोंद ठेवून विकायच्या औषधांच्या यादीत, आहे. चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. दुकानदाराने डॉक्टरचे आणि रुग्णाचे नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे ठेवायची असते. बाबांच्या वेळी ती वही कोणी उघडली नाही.

आमच्या लॅबवाल्यांनाही एक सांगणे आहे. कोलिस्टिन या अगदी शेवटी वापरायच्या अँटिबायोटिकची चकती लावून ‘सेन्सिटिव्ह’ (औषध चालते) लिहू नका. ते औषध प्लेटवरच्या आगरमध्ये (जेलीत) नीट पसरत नाही, त्यामुळे चकतीवर विश्वास ठेवता येत नाही. ब्रॉथ मायक्रोडायल्युशनची, म्हणजे द्रवात औषधाचे कमी-जास्त प्रमाण घेऊन तपासण्याची, सोय नसेल तर नमुना सोय असलेल्या ठिकाणी पाठवा.

आता मागणी. कोणत्या जंतूवर कोणते औषध किती टक्के चालते, याचा तक्ता म्हणजे अँटिबायोग्रॅम. केरळ तो राज्यासाठी प्रसिद्ध करते. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालये आहेत, मिहानला एम्स आहे, खासगी लॅब आहेत. प्रत्येकाच्या संगणकात ही माहिती पडून आहे. एका रुग्णाचा पहिलाच जंतू धरायचा आणि त्या जातीचे किमान 30 रुग्णांकडचे जंतू असतील तरच टक्केवारी काढायची, हे नियमही ठरलेले आहेत. महापालिकेच्या आरोग्य विभागाने सगळ्यांना एकत्र बसवून नागपूरचा तक्ता दरवर्षी छापावा. गल्लीतल्या डॉक्टरलाही पहिली गोळी निवडताना त्याचा आधार होईल.

तोवर वाचकांनी इतके करावे: लघवीची मधली धार निर्जंतुक डबीत धरावी, दोन तासांत लॅबमध्ये द्यावी, उशीर होणार असेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवावी. आणि आधी कुठली गोळी घेतली असेल तर तिचे नाव आम्हाला न लाजता सांगावे.

आपली,
एक लॅब तंत्रज्ञ, नागपूर