कण्याच्या ऑपरेशनआधी भुलेचीही चौकशी करा

मा. संपादक,
स.न.

अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस या कण्याच्या सांध्यांना सूज आणणाऱ्या आजारात मणके जुळून कणा एकसंध होतो. काहींना इतका बाक येतो की समोर पाहणेही अवघड होते. जळगाव, धुळे, नंदुरबारचे असे रुग्ण कणा सरळ करून घ्यायला मुंबई-पुण्याला जातात. घरचे लोक खर्च विचारतात, सर्जनचे नाव विचारतात. भूल कशी देणार, हे सहसा विचारत नाहीत. ते आधी विचारायला हवे.

मान ताठ असल्याने श्वासनळीत नेहमीसारखी नळी घालता येत नाही. जोर लावून मान मागे केली तर मणका मोडून मज्जारज्जूला इजा होऊ शकते. म्हणून अनेकदा रुग्ण जागा असतानाच घसा बधिर करून फायबरऑप्टिक दुर्बिणीने नळी घालतात. ही सोय आणि ती हाताळणारा भूलतज्ज्ञ तिथे आहे का? बरगड्यांचे सांधेही आखडलेले असतात, त्यामुळे फुफ्फुसांची तपासणी आधीच व्हावी. पालथे झोपवताना टेबल बाकाप्रमाणे जुळवावे लागते. डोळ्यांवर दाब आला तर दृष्टी जाऊ शकते.

कंबरेच्या एका मणक्यातून पाचरीसारखा तुकडा काढला की साधारण ३० अंश बाक सुधारतो. पण रक्तस्राव अनेकदा लिटरच्या घरात जातो. मज्जारज्जूचे आवरण हाडाला चिकटलेले असेल तर ते फाटून पाणी गळते. फट मिटवताना नस दबली तर पायाची शक्ती जाते. म्हणून नसांचे मॉनिटरिंग, म्हणजे ऑपरेशन चालू असताना नसांचे काम यंत्राने तपासत राहणे, होणार का, हे स्पष्ट विचारावे. या आजारात हाड ठिसूळ असते. त्यात सरळ केलेला कणा धरून ठेवणारे स्क्रू ढिले होतात आणि हाड नीट जुळले नाही तर पुढे त्यांना जोडणारा धातूचा रॉडही तुटतो.

या आजारासाठी बायोलॉजिक, म्हणजे सूज कमी करण्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारे, इंजेक्शन चालू असेल तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. शेवटचा डोस आणि ऑपरेशन यांत किती अंतर हवे, ते औषधागणिक बदलते; सांधेरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय बंद करू नये, चालूही ठेवू नये.

हे धोके पत्करूनही ऑपरेशन करण्याजोगे रुग्ण आहेत, हे आम्ही आवर्जून सांगतो. मात्र गावी परतल्यावर पोट फुगून उलट्या थांबत नसतील तर ॲसिडिटी समजून घरी थांबू नका. कणा सरळ झाल्याने आतड्याचा वरचा भाग रक्तवाहिनीखाली दबलेला असू शकतो. पाय जड पडला, लघवी अडली किंवा जखमेतून पाणी आले, तर त्याच दिवशी सर्जनला कळवा आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा.

— भूलतज्ज्ञ व अस्थिरोगतज्ज्ञ, जळगाव