शस्त्रकरारांवर संसदेत चर्चा व्हायलाच हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिका व रशिया यांच्यातील, अण्वस्त्रांच्या संख्येवर मर्यादा घालणाऱ्या ‘न्यू स्टार्ट’ कराराची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ रोजी संपली. हा करार अमेरिकी सिनेटने (तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने) कसा मंजूर केला होता, ते आपल्या खासदारांनी मुद्दाम वाचावे.

डिसेंबर २०१० मध्ये अधिवेशनाचे थोडेच दिवस उरले होते. करसवलती, सरकारी खर्चाची तरतूद, सैन्यातील समलिंगींवरचे निर्बंध, सगळेच विषय एकदम पुढ्यात आलेले. नाताळच्या तोंडावर इतका गंभीर विषय नको, नव्या सिनेटवर सोपवा, असे काही सदस्य आग्रहाने सांगत होते. मात्र आधीच्या कराराची मुदत वर्षभरापूर्वीच संपल्याने एकमेकांच्या तळांची तपासणी बंद पडली होती. अखेर आठवडाभर चर्चा झाली, दुरुस्त्या मांडल्या गेल्या, फेटाळल्या गेल्या. २२ डिसेंबरला ७१ विरुद्ध २६ मतांनी करार मंजूर झाला. प्रत्येकी १,५५० तैनात अण्वस्त्रे, ही त्यातली मर्यादा. दोन तृतीयांश मते मिळाल्याशिवाय तिथे करार मंजूरच होत नाही.

आपल्याकडे करार करणे हा सरकारचा अधिकार आहे. संसदेची मंजुरी घेण्याचे बंधन नाही. अंमलबजावणीसाठी कायदा लागला, तरच विषय सभागृहात येतो. जुलै २००८ मध्ये भारत-अमेरिका अणुकरारावरून रान पेटले, तेव्हाही मतदान सरकारवरील विश्वासाचे झाले, कराराच्या मसुद्याचे नाही. त्या चर्चेत यवतमाळ जिल्ह्यातल्या जळका गावच्या शेतकरी विधवेचा उल्लेख देशाने ऐकला. करारातली कलमे मात्र आमच्यापर्यंत पोहोचली नाहीत.

खेड्यातल्या माणसाला अण्वस्त्रांशी काय करायचे, असे कोणी म्हणेल. आमच्या पुलगावात लष्कराचे मोठे दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ च्या आगीत तिथे जवान आणि अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले, आसपासची गावे रातोरात रिकामी करावी लागली. शस्त्रांचा साठा म्हणजे काय, हे आम्हाला कोणी सांगायला नको.

वेळ नाही, ही सबब आम्ही नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातही ऐकतो. कापूस-सोयाबीनच्या भावासाठी वेळ काढावा लागतो, तसा यासाठीही काढावा. विदर्भातून लोकसभेवर दहा खासदार जातात. प्रत्येक शस्त्रकरार संसदेपुढे ठेवणे सरकारवर बंधनकारक करणारे अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या खासदाराने मांडायचे विधेयक) त्यांच्यापैकी एकाने तरी येत्या अधिवेशनात मांडावे. शुक्रवारची दुपार त्यासाठीच राखलेली असते.

आपला,
एक वाचक, ता. देवळी, जि. वर्धा