फौजी असो की दरडीतून माणसं काढणारा पोरगा, त्याला दवाखान्यापर्यंत नेऊ या

जय हिंद. सातारा जिल्ह्यातल्या गावोगावच्या आणि पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्याला असलेल्या सर्व बंधू-भगिनींना तालुक्यातल्या माजी सैनिकांचा नमस्कार.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आम्ही तिघे सभासद एका निवृत्त हवालदाराच्या घरी गेलो. सकाळचे सात वाजले असतील. वहिनींनीच निरोप धाडला होता. ओसरीवर काळी ट्रंक होती, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, रँक आणि नाव. वहिनींनी चहा आणला, तर त्याने कपाला हातच लावला नाही. मग त्यांनी चहा बशीत ओतून दिला. बशी दोन्ही हातांनी धरूनही अर्धा चहा शर्टावर सांडला. "कालपासून बंद केलीय," तो म्हणाला, "आता कायमची." आम्हाला आनंद झाला. पाठ थोपटली, शाब्बास म्हटलं आणि घरी आलो.

त्याच रात्री त्याला फिट आली. शेजाऱ्याच्या जीपमधून दवाखान्यात नेला म्हणून वाचला. तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बसवून समजावलं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने दारू एकदम तोडली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भ्रमही होतो, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो आणि जीवही जाऊ शकतो. त्यासाठी गोळ्या आहेत, थायमिनचं (बी-१ जीवनसत्त्वाचं) इंजेक्शन आहे, पण ते डॉक्टरांच्या नजरेखाली घ्यायचं असतं. ज्या दिवशी त्याला दवाखान्यात न्यायला हवं होतं, त्या दिवशी आम्ही त्याला शाब्बासकी देऊन आलो. ही आमची चूक. त्या चुकीतूनच या कामाला सुरुवात झाली, म्हणून आधी ती सांगितली.

आपला जिल्हा फौजेचा. अपशिंग्यासारख्या गावाच्या नावातच 'मिलिटरी' आहे. पोरगा भरती झाला की आपण पेढे वाटतो, रिटायर होऊन आला की हलगी लावून मिरवणूक काढतो. त्यानंतर मात्र त्याच्याकडे फारसं कोणी बघत नाही. शिपाई साधारण पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. कुठे सियाचीन, कुठे काश्मीरमध्ये राष्ट्रीय रायफल्स, कुठे ईशान्येत काढलेली वर्षं त्याच्या अंगात असतात. तिथे रात्री जागणं हेच काम होतं. इथे येऊन तो सिक्युरिटीची नाइट ड्युटी धरतो आणि पुन्हा जागतो. झोप येत नाही म्हणून घोट घेतो, आणि पुढे घोटाशिवाय झोपच येत नाही. नोकरीत असताना हे सांगावं, तर मेडिकल कॅटेगरी खाली जाईल, प्रमोशन अडेल ही धास्ती. घरी आल्यावर सांगावं, तर लोक म्हणणार, "फौजी असून घाबरतो?"

फौजी कॅन्टीनमधून कार्डावर मिळणाऱ्या दारूच्या कोट्याबद्दलही मोकळेपणी बोलायला हवं. तो आपला हक्क आहे, त्याला आमचा विरोध नाही. पण ज्या घरात आजार शिरलाय, त्या घरातल्या वहिनी कार्ड तांदळाच्या डब्यात लपवून ठेवतात, हे आम्ही पाहिलंय.

दुसरीही माणसं आहेत, आणि त्यांची नोंद कुठल्याच कागदावर नाही. २२ जुलै २०२१ ला पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. रस्ते वाहून गेले होते. एनडीआरएफची पथकं चिखल तुडवत पोचली, पण आधी धावले ते आसपासचे गावकरी आणि पोरं. त्यातल्या एका पोराला आम्ही ओळखतो. चिखलातून त्याने एक लहान हात धरून ओढला होता. याहून जास्त तो सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही. जुलैचा पाऊस लागला की तो रात्री दोन-अडीचला टॉर्च घेऊन घरामागच्या डोंगराच्या कडेने फिरतो, कुठे भेग पडलीय का बघत. पहाटे परत येतो, आणि मग बाटली. वय २७. त्याच्यामागे ना पेन्शन, ना कार्ड. आंबेनळी घाटात २८ जुलै २०१८ ला बस कोसळली, तेव्हा महाबळेश्वर-पोलादपूरचे ट्रेकर दोर लावून दरीत उतरले होते. घाटात अपघात झाला की आजही अशाच पोरांना फोन जातो. १०८ वरचे कंत्राटी ड्रायव्हर, नगरपालिकेच्या अग्निशमनचे जवान, पंचनाम्याला उभे राहणारे हवालदार आणि महिला पोलीस, सगळ्यांचं तेच. मृतदेह उचलायचा, हात धुवायचे, पुढच्या कॉलला जायचं.

उपचार आहेत, आणि ते लागू पडतात. माजी सैनिकाला ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञाकडे रेफर करून घेता येतं. सिव्हिल हॉस्पिटल आहे. व्यसनमुक्ती केंद्रं म्हणाल तर साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं 'परिवर्तन' आहे, पुण्यात १९८६ पासूनचं 'मुक्तांगण' आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्री तीनला लावला तरी फुकट लागतो. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आहे. मग घोडं अडतंय कुठे? ओसरी ते दवाखाना एवढ्या वाटेवर. सोबत जायला कोणी नसतं, त्याच्या माघारी घर चालवायला कोणी नसतं, आणि परत आल्यावर तर कोणीच नसतं. म्हणून आम्हाला नवीन इमारत बांधायची नाही. उद्घाटनाचा दगडही नको. आम्हाला ही वाट धरायची आहे.

या वर्षी २० माणसांना उपचाराला न्यायचं ठरवलंय. यातले निम्मे तरी फौजेबाहेरचे, म्हणजे बचावकार्यातले, अग्निशमनचे, अँब्युलन्सचे असावेत असा आमचा आग्रह आहे, कारण त्यांच्यामागे ईसीएचएससारखी योजना नाही. माणशी ३० हजार धरले तर ६ लाख रुपये लागतील. त्यात केंद्राची फी, औषधं, सोबत्याचं एसटी भाडं आणि जेवण, आणि तो आत असेपर्यंत घरचा किराणा. किराण्यावर काही जणांनी सभेत नाक मुरडलं. पण हातावर पोट असलेला ड्रायव्हर महिनाभर आत बसला, तर दुसऱ्या आठवड्यात घरून फोन जातो आणि तो उपचार अर्धवट टाकून येतो. तो फोन जाऊ नये म्हणून किराणा.

पैसे ज्यांना जमतील त्यांनी द्यावेत. मुंबईकर मंडळींनी महिना पाचशे लावले तरी मोठा आधार होईल. देणगी चेकने किंवा संघटनेच्या खात्यावर द्या, पावती मागून घ्या. रोख रक्कम रस्त्यात कोणाच्या हातात देऊ नका, मग तो आमचा सभासद का असेना. हिशोब दर तीन महिन्यांनी कार्यालयाच्या फळ्यावर लागेल, पण उपचार घेणाऱ्यांची नावं तिथे कधीच लागणार नाहीत.

पैशापेक्षा अवघड मागणी पुढची आहे. आम्हाला सोबती हवेत. एका माणसामागे एक, वर्षभर. आठवड्यातून एकदा त्याच्या घरी जाऊन बसायचं, महिन्याच्या तपासणीला बरोबर जायचं, आणि तो पुन्हा घसरला तर शिव्या न देता परत घेऊन जायचं. घसरण होते. आमचा हवालदारही फेब्रुवारीत भाच्याच्या लग्नात घसरला होता. तिसऱ्या दिवशी स्वतः फोन करून म्हणाला, "चला, मला न्या." आज तो स्वतः दोघांचा सोबती आहे. निवृत्त शिक्षक, आशा ताई, बचतगटातल्या महिला, कोणीही चालेल. फौजीच पाहिजे असं नाही.

घरच्या बायामाणसांना मात्र हात जोडून दोन गोष्टी सांगायच्या आहेत. न सांगता भाजीत कालवायची पावडर कोणी विकत असेल तर घेऊ नका. तशा काही पावडरीत असं औषध असतं की त्यावर दारू प्यायल्यास रक्तदाब एकदम कोसळतो. आणि माणसाला बांधून ठेवणाऱ्या, मारणाऱ्या केंद्रात त्याला टाकू नका. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्याने साखळीने बांधायला बंदी आहे. कितीही वैताग आला असला तरी आधी आमच्याकडे या, आपण मिळून चांगली जागा शोधू.

दर रविवारी सकाळी दहा ते एक तालुक्याच्या ठिकाणचं आमचं कार्यालय उघडं असतं. महिलांसाठी आतली खोली वेगळी ठेवली आहे, तिथे एक निवृत्त नर्स ताई बसतात. नाव सांगायचं नसेल तर सांगू नका, वहीत फक्त गाव लिहू. तो स्वतः यायला तयार नसेल तर निरोप धाडा, आम्हीच घरी येऊ. सकाळी लवकर येऊ, आणि या वेळी गाडी घेऊनच येऊ.

आपले,
तालुक्यातील माजी सैनिक, जिल्हा सातारा